मध्यस्थाविना: संगणक ते संगणक बिनतारी जोडणीचा आढावा

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा मथळे टिकटॉकने व्यापले. त्याच यादीत शेअरइट आणि झेंडर ही दोन नावेही होती. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. खरे तर या दोन ॲपनी कितीतरी वर्षे आपल्याकडच्या वसतिगृहांत, गावातल्या पारावर, मोबाइलच्या दुकानांत मोठे काम केले होते. सिनेमे, गाणी, लग्नाचे फोटो, परीक्षेच्या नोट्स, इतकेच काय, नवी ॲपसुद्धा लोक त्यांच्यावरून एकमेकांना देत आणि त्यात डेटा पॅकमधला एक एमबीही खर्च होत नसे. युक्ती साधी होती. एक फोन हॉटस्पॉट व्हायचा, दुसरा त्याला जोडला जायचा आणि फाइल थेट इकडून तिकडे जायची. मध्ये ना मोबाइल टॉवर, ना राउटर, ना परदेशातला सर्व्हर.

ही क्षमता त्या ॲपनी निर्माण केलेली नव्हती. १९९७ साली आलेल्या पहिल्या वायफाय मानकातच संगणकांनी राउटरवाचून आपापसांत बोलण्याची सोय लिहिलेली होती. तरीही समोरासमोर बसलेली दोन माणसे आज एकमेकांना फाइल देताना ती ईमेलला जोडतात नाहीतर व्हॉट्सॲपवर टाकतात. ती दूरच्या डेटा सेंटरला जाऊन त्याच टेबलावर परत येते. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना एक भेद पहिल्यापासून ध्यानात ठेवायला हवा. दोन-चार यंत्रांची थेट जोडणी वेगळी आणि शेकडो यंत्रांनी स्वतःच विणलेले जाळे वेगळे. पहिल्या कामात तांत्रिक अडचण आता उरलेली नाही. जी आहे ती कंपन्यांच्या निर्णयांची. दुसऱ्यात अडचण रेडिओलहरींच्या स्वभावातच आहे. या दोहोंची गल्लत झाली की माणसे एकतर या तंत्राकडून चमत्काराची अपेक्षा धरतात किंवा ते निकामी ठरवून मोकळी होतात.

कल्पना इंटरनेटइतकीच जुनी आहे. हवाई बेटांवर १९७१ साली नॉर्मन अब्राम्सन यांच्या चमूने अलोहानेट सुरू केले. संगणकांचे संदेश तुकड्यातुकड्यांनी रेडिओवरून पाठवणारे ते पहिले जाळे. मात्र त्यात प्रत्येक संदेश मध्यवर्ती केंद्रामार्फत जाई. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेला वेगळे हवे होते. रणांगणावर टॉवर नसतो, आणि असला तर शत्रू तोच आधी पाडतो. म्हणून रेडिओ संचांनी एकमेकांचे संदेश पुढे ढकलावेत, एक संच बंद पडला तर दुसरी वाट शोधावी, असा पॅकेट रेडिओ प्रकल्प रॉबर्ट कान यांच्या पुढाकाराने १९७३ च्या सुमारास हाती घेतला गेला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या टेकड्यांवर रिपीटर बसले. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी धावत्या व्हॅनमधून निघालेला संदेश या रेडिओ जाळ्यातून अर्पानेट या तारांच्या जाळ्यावर, तिथून उपग्रहाने युरोपला आणि परत फिरून लॉस एंजेलिसमधल्या संगणकावर पोहोचला. तीन वेगळ्या जातींची जाळी एकत्र बोलली ती अशी. ज्या टीसीपी-आयपी नियमांवर आजचे इंटरनेट चालते, ते या जोडणीच्या गरजेतूनच घडले. मागाहून सुचलेले ठिगळ म्हणून थेट बिनतारी जोडणीकडे पाहणे त्यामुळे चुकीचे आहे. इंटरनेटच्या जन्माच्या खोलीत ती हजर होती.

सामान्य माणसापर्यंत ती यायला परवान्याची अट सुटावी लागली. अमेरिकेत १९८५ साली काही रेडिओपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले झाले, त्यातूनच पुढे वायफाय उभे राहिले. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही मुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा भाग खुला व्हायला मात्र २०१८ चा ऑक्टोबर उजाडला.

१९९७ च्या मानकातली ॲड-हॉक पद्धत आतून कशी चालते, हे पाहण्यासारखे आहे, कारण तीत एक सुंदर समता आहे. नेहमीच्या वायफायमध्ये राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाक देत असतो; या हाकेला बीकन म्हणतात. ॲड-हॉक जाळ्यात राउटरच नाही, मग हाक द्यायची कोणी? प्रत्येक संगणक मनाशी एक यादृच्छिक क्षण धरून थांबतो. ज्याचा क्षण आधी येतो तो हाक देतो, ती ऐकून बाकीचे आपली हाक रद्द करतात. पुढच्या फेरीत पुन्हा नवे क्षण. घड्याळे जुळवण्याची रीतही अशीच: हाकेतली वेळ आपल्या वेळेपेक्षा पुढची असेल तर आपले घड्याळ तिच्याशी लावायचे. कोणी प्रमुख नाही, कोणी निघून गेले तरी काम अडत नाही.

जोडणी करणाऱ्याला तीन गोष्टी जुळवाव्या लागत: दोन्हीकडे जाळ्याचे तेच नाव, तेच चॅनेल आणि तोच पासवर्ड. त्यानंतर पत्त्याचा प्रश्न यायचा आणि नवशिक्यांची गाडी नेमकी इथे रुतायची. घरी आयपी पत्ता राउटर वाटतो. इथे वाटणारा नसल्याने तो हाताने भरावा लागे, एकावर १९२.१६८.१.१, दुसऱ्यावर १९२.१६८.१.२, दोन्हीवर मास्क २५५.२५५.२५५.०. पुढे यावरही तोड निघाली. संगणक १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या मालिकेतला एखादा पत्ता स्वतःच निवडतो, तो कोणी घेतला आहे का हे जाळ्यावर विचारून पाहतो आणि उत्तर आले नाही तर तोच धरून ठेवतो. २००५ साली ही रीत अधिकृत मानक झाली. ॲपलच्या स्टुअर्ट चेशायर यांनी नावे शोधण्याचे कामही अशाच पद्धतीने सोडवले; आज घरातला प्रिंटर लॅपटॉपला आपोआप दिसतो तो त्यांच्या कामामुळे.

मग ही पद्धत का मेली? पहिला दोष सुरक्षेचा. जुन्या ॲड-हॉक जोडणीत बहुतेक ठिकाणी वेप नावाचे कुलूप असे आणि २००१ सालीच ते किती तकलादू आहे हे संशोधकांनी दाखवून दिले होते. पुढे वायफायला मजबूत कुलपे मिळाली, पण उत्पादकांनी ती ॲड-हॉककडे नीट आणलीच नाहीत. वेगाचेही तेच झाले. नवी कार्डे राउटरशी झपाट्याने बोलत आणि आपापसांत मात्र पुष्कळदा ११ मेगाबिटवरच अडकत. दोन संगणकांनी एकाच नावाचे जाळे वेगवेगळे सुरू केले की ती दोन तुकड्यांत राहत, स्क्रीनवर मात्र दोघेही ‘जोडलेले’ दिसत.

सर्वांत मोठी बदनामी विंडोज एक्सपीने केली. एखादा लॅपटॉप कधी काळी ‘फ्री पब्लिक वायफाय’ नावाच्या ॲड-हॉक जाळ्याला जोडला गेला, तर एक्सपी ते नाव लक्षात ठेवी आणि ओळखीचे वायफाय मिळाले नाही की त्याच नावाने स्वतः हाक देऊ लागे. फुकट इंटरनेटच्या आशेने शेजारचा प्रवासी त्याला जोडला जाई आणि मग त्याचाही लॅपटॉप तेच करू लागे. विमानतळांवरून हे नाव एखाद्या साथीसारखे जगभर पसरले. त्याच्यामागे इंटरनेट कुठेच नव्हते. सुरक्षा सल्लागारांनी ॲड-हॉक बंद ठेवा असे सांगायला सुरुवात केली ती रास्तच होती. विंडोज ८ मध्ये ते जाळे बनवण्याचा पडदाच काढून टाकला गेला. अँड्रॉइडने तर ती सोय वापरणाऱ्यांना अधिकृतपणे कधी दिलीच नाही. अपवाद खेळण्यांचा. सोनीच्या पीएसपी या हातातल्या खेळयंत्रात २००४ पासून ॲड-हॉक होते आणि जपानी मुले एकत्र जमून त्यावर तासन्‌तास खेळली. एकच निर्माता, एकच यंत्र आणि एकच बटण असले की हे तंत्र किती सुरळीत चालते, याचा तो पुरावा.

जागा रिकामी झाली तिथे २०१० च्या अखेरीस वायफाय डायरेक्ट आले. त्यात दोन यंत्रे भेटली की आधी वाटाघाट होते: मालकी घ्यायला तू किती तयार, मी किती तयार. ० ते १५ यांतला आकडा प्रत्येकजण सांगतो. मोठा आकडा असलेला गटाचा मालक होतो आणि तेवढ्यापुरता राउटरची भूमिका घेतो. भेटीसाठी १, ६ आणि ११ ही चॅनेल ठरलेली. कुलूप आधुनिक, वेग पूर्ण. जुन्या पद्धतीतली समता इथे गेली, पण माझ्या मते हा सौदा योग्य होता. राउटरसाठी घडवलेली सगळी यंत्रणा, तिची सुरक्षा आणि वीजबचत, थेट जोडणीला यामुळे आयती मिळाली. शेअरइटची हॉटस्पॉट-युक्ती याच जातीची.

चूक पुढे झाली. ॲपलने २०११ मध्ये मॅकवर आणि २०१३ मध्ये आयफोनवर एअरड्रॉप आणले, तेही स्वतःच्या खासगी नियमांवर. गूगलने २०२० मध्ये आपले निअरबाय शेअर आणले, सॅमसंगचे वेगळेच होते; २०२४ मध्ये ही दोन क्विक शेअर या नावाखाली एक झाली. म्हणजे एकाच घरातल्या आयफोन आणि अँड्रॉइडमध्ये एकाच मानकाचे रेडिओ बसलेले, एकाच हवेत बोलू शकणारे, आणि तरी बहिणीच्या फोनमधला फोटो भावाच्या फोनमध्ये थेट जाऊ नये अशी व्यवस्था. यात भौतिकशास्त्राचा काहीही हात नव्हता. नियंत्रण कंपनीकडे असण्याचा अर्थ चीनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसला. तिथे निदर्शकांनी एअरड्रॉपवरून पत्रके वाटली होती. ॲपलने एका अपडेटद्वारे तिथल्या आयफोनवर ‘सर्वांकडून स्वीकारा’ ही सोय दहा मिनिटांपुरती करून टाकली. नंतर तीच मर्यादा जगभर लागू झाली. अनोळखी माणसाकडून नको ते चित्र येऊ नये यासाठी ती उपयोगी आहे, हे खरे. पण दोन फोनमधली भिंत किती उंच असावी, हे तिसराच ठरवतो, हेही तितकेच खरे.

आता भिंतीला तडे जात आहेत. वायफाय अवेअर नावाचे खुले मानक २०१५ पासून आहे. जवळची यंत्रे एकमेकांना कमी विजेत ओळखतात आणि लागेल तेव्हा थेट जोडणी करतात. अँड्रॉइडने ते २०१७ मध्ये घेतले. ॲपलने ते आयओएस २६ मध्ये, म्हणजे २०२५ साली घेतले, आणि त्यामागे युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्याचा रेटा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलने पिक्सेल १० वरून एअरड्रॉपशी बोलण्याची सोय जाहीर केली. पंधरा वर्षे अशक्य म्हणून सोसलेली गोष्ट कायद्याच्या धाकाने वर्षभरात हलू लागते, ही या आढाव्यातली सर्वांत बोलकी घडामोड मला वाटते.

दुसरा प्रश्न जाळ्याचा. माझा संदेश शेजाऱ्याच्या फोनवरून त्याच्या शेजाऱ्याकडे आणि असा गावभर जावा, हे स्वप्न फार मोहक आहे. विहिरीपासून आगीपर्यंत रांग लावून बादल्या हातोहात पोचवतात तशी ही रचना. पण रांगेतला माणूस बादली घेत असताना त्याच क्षणी दुसरी देऊ शकत नाही. एका चॅनेलवरच्या रेडिओचेही तसेच आहे. शिवाय एकजण बोलत असताना आसपासच्या सगळ्यांना गप्प बसावे लागते. प्रत्येक टप्प्यागणिक वेग झपाट्याने घटतो. त्यात एक छुपी अडचण आहे: अ आणि क दोघेही ब ला ऐकू येतात, पण एकमेकांना नाही. दोघे एकदम बोलले की ब च्या कानात नुसता गोंधळ. फुआद तोबागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये हे मांडले. बोलण्याआधी परवानगी मागायची, हा त्यावरचा उपाय १९९० मध्ये फिल कार्न या हॅम रेडिओवाल्याने सुचवला आणि त्याचे रूप वायफायच्या मानकात शिरले. उपाय अर्धाच आहे; परवानगी मागण्यातही वेळ जातोच.

या सगळ्याचा गणिती निकाल २००० साली लागला. पीयूष गुप्ता आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले पी. आर. कुमार यांनी सिद्ध केले की अशा जाळ्यात यंत्रांची संख्या वाढेल तसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतच जातो. संख्या शंभरपट झाली तर वाटा दहाव्या हिश्श्याच्याही खाली जातो. सॉफ्टवेअर कितीही हुशार लिहा, ही मर्यादा हटत नाही. ‘फोनच फोनला जोडत जातील आणि मोबाइल कंपन्यांची गरजच उरणार नाही’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हा शोधनिबंध आधी वाचावा.

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या गावाशी याचा थेट संबंध आहे. २००७ मध्ये ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपला सशासारखे दोन कान होते, ते अँटेना. लॅपटॉप झोपला तरी त्यातली बिनतारी चिप जागी राहून दुसऱ्यांचे संदेश पुढे पाठवू शकेल, अशी तिची रचना. दूर दूर घरे असलेल्या पाड्यात मुलांच्याच यंत्रांनी जाळे विणावे, ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. पण मुले एकत्र येतात वर्गात. एका खोलीत अनेक लॅपटॉप स्वतःची ओळख सांगू लागले की हवा त्या ओळखींनीच भरून जाई आणि कामाच्या संदेशाला जागा उरत नसे. पुढच्या मॉडेलमध्ये ते जाळे वगळून १, ६, ११ या चॅनेलवरचे साधे ॲड-हॉक ठेवले गेले. विरळ वस्तीत जाळे फुलते, दाटीत गुदमरते. आणि शाळा ही दाटीचीच जागा.

मार्ग शोधण्याच्या पद्धतींचे पीक मात्र अमाप आले. त्यांतल्या एओडीव्ही आणि ओएलएसआर या २००३ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्या. बर्लिनच्या फ्रायफुंक या लोकवायफाय चळवळीतल्या लोकांना दिसले की संपूर्ण जाळ्याचा नकाशा सतत काढत राहणे छोट्या राउटरला झेपत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक यंत्राला फक्त ‘त्या गावाला जायला कोणता शेजारी बरा’ एवढेच ठाऊक असावे अशी बॅटमॅन पद्धत रचली. ती आज लिनक्सचा भाग आहे. कातालोनियात २००४ मध्ये सुरू झालेले गुइफी नेट तीस हजारांहून अधिक ठिकाणे जोडते. पण तिथे छतांवरच्या नेम धरून लावलेल्या अँटेना आहेत, पुढे फायबरही आले, आणि कोणी काय द्यायचे-घ्यायचे याचा लेखी करार आहे. आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन यांच्या गटाने कित्येक किलोमीटर लांबीचे वायफाय दुवे उभारले आणि आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत इंटरनेट नेले. हे सगळे यशस्वी ठरले कारण त्यांनी जाळे आपोआप उगवण्याची वाट पाहिली नाही, आखणी केली.

धीर असेल तर गुप्ता-कुमार यांच्या मर्यादेला बगल देता येते. २००२ मध्ये ग्रॉसग्लाउझर आणि त्से या संशोधकांनी दाखवले की यंत्रे हिंडती असतील आणि उशीर चालणार असेल, तर वाटा घटत नाही. संदेश हवेतून टप्प्याटप्प्याने नेण्याऐवजी हिंडणारे यंत्रच तो घेऊन जाते. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात याच सुमाराला डाकनेटचा प्रयोग झाला. बसवर वायफायचा संच होता. बस गावातून गेली की तिथल्या केंद्रातला मजकूर उचलायची, शहरात पोहोचली की उतरवायची. सातबाराच्या उताऱ्यासारख्या कामाला सेकंदाची घाई नसते. अशा कामांसाठी हा मार्ग आपण फार लवकर विसरलो.

आपत्तीतले चित्र मिश्र आहे. २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कला झोडपले तेव्हा रेड हुक वस्तीतले छोटे मेश, म्हणजे यंत्रायंत्रांनी विणलेले जाळे चालू राहिले, कारण ते आधीच उभे होते आणि चालवणारी मुले त्याच वस्तीतली होती. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांनी फोन ते फोन संदेश नेणारे फायरचॅट हे ॲप वापरले, २०१९ मध्ये ब्रिजफाय. पण लंडनच्या संशोधकांनी २०२० मध्ये ब्रिजफाय तपासले तेव्हा त्यात गंभीर भोके निघाली: कोण कोणाशी बोलतो ते कळत होते, संदेश वाचताही येत होते. जिवावर उदार झालेल्या माणसाच्या हाती असे ॲप देणे हा अपराध आहे. यापेक्षा काही नसलेले बरे. याच जातीचे, पण सुरक्षेची बाजू भक्कम असलेले ब्रायर भारत सरकारने मे २०२३ मध्ये आणखी तेरा ॲपसह बंद केले. दहशतवाद्यांच्या वापराचे कारण दिले गेले. जे साधन पुरात, भूकंपात उपयोगी पडेल ते सरसकट बंद करणे मला पटत नाही.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत मोबाइल बोलेनासे झाले होते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ मध्ये चिपळूणने महापूर सोसला. अशा वेळी असल्या ॲपना फोनचे ब्लूटूथ पुरे पडत नाही, त्याचा पल्ला थोड्याच मीटरांचा. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवरचे मेशटॅस्टिक हे जाळे मला जास्त आश्वासक वाटते. त्यावर फक्त मजकूर जातो, तोही सावकाश, पण उंचावरून काही किलोमीटर जातो आणि छोट्या बॅटरीवर दीर्घकाळ चालतो. भारतात ते ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यात बसते. थोडीच यंत्रे, छोटे संदेश, विरळ जागा: जाळ्याला मानवणाऱ्या सगळ्या अटी इथे जुळतात. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी पावसाळ्याआधी असे संच लावून पाहायला काय हरकत आहे?

आणि आज दोन संगणक जोडायचेच असतील तर? ॲड-हॉकच्या जुन्या पडद्याच्या शोधात वेळ घालवू नका. एका अँड्रॉइड फोनवर हॉटस्पॉट सुरू करा, मोबाइल डेटा बंद ठेवा, दोन्ही लॅपटॉप त्याला जोडा. विंडोज विचारेल तेव्हा जाळे ‘खासगी’ आहे असे सांगा, नाहीतर फायरवॉल आडवी येते. लोकलसेंड हे मुक्त ॲप विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन या सर्वांवर चालते. ते दोन्हीकडे आधीच उतरवून ठेवा, कारण ऐनवेळी इंटरनेट नसेल. पासवर्ड लांब ठेवा आणि काम झाले की हॉटस्पॉट बंद करा.

चार्जरच्या बाबतीत युरोपने २०२४ च्या अखेरीस यूएसबी-सी सक्तीचे केले आणि आयफोनसह सगळे फोन एका वायरीवर आले. फोनपासून फोनपर्यंतच्या थेट बिनतारी जोडणीसाठीही तेच करता येईल. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये वायफाय अवेअरसारखे खुले मानक चालू स्थितीत असलेच पाहिजे, अशी अट दूरसंचार विभागाने घालावी. ग्राहक संघटनांनी आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही मागणी आता लावून धरावी.